प्रेक्षक उठल्यावरचं नाटक

मराठी समीक्षक हा मोठा कष्टाळू प्राणी आहे. त्यानं संगीत नाटकं पाहिली, प्रायोगिक नाटकं सोसली, तमाशाचे फड पालथे घातले, नवकाव्य वाचलं आणि दोघाचौघांना समजावूनही सांगितलं. दशावतारापासून भिंतीवरच्या जाहिरातींपर्यंत कुठलीही कला त्याच्या तावडीतून सुटलेली नाही. एका कलाप्रकाराकडे मात्र त्याचं साफ दुर्लक्ष झालं आहे, आणि त्याचं कारणही उघड आहे. या कलेचा प्रयोग प्रेक्षक खुर्चीवरून उठून गेल्यावर सुरू होतो, आणि तो परत येऊन बसला, की त्याच क्षणी बंद पडतो. समीक्षकानं समोर बसावं तर नाटक नाही, आणि नाटक व्हावं तर समीक्षक नको. अशा कलेला वाली कोण?

मी स्क्रीनसेव्हरबद्दल बोलतो आहे.

आता तुम्ही म्हणाल, तुम्ही बी.कॉम. झालेले, बँकेतले क्लार्क, तुम्हाला हा अधिकार कुणी दिला? वाचकहो, अधिकार अनुभवानं मिळतो. रिकाम्या खुर्चीपुढे चाललेला पडदा बँकेत जितका पाहायला मिळतो तितका अन्य कुठेही मिळत नाही. किंबहुना या विषयातले खरे जाणकार म्हणजे आमचे ग्राहक. आम्ही चहाला गेलेले असताना काउंटरच्या अलीकडे उभं राहून त्यांनी या कलेचे तासन्तास प्रयोग पाहिले आहेत. त्यांची मतं छापण्याजोगी नसतात म्हणून ही जबाबदारी माझ्यावर आली.

ही कला जन्मली ती गरजेतून. पूर्वीच्या काचेच्या पडद्यावर एकच चित्र फार वेळ राहिलं, तर त्याचा डाग कायमचा उमटायचा. आमच्या शाखेत असा एक पडदा होता. बंद केला तरी त्याच्यावर पासवर्डाची चौकट भुतासारखी दिसत असे. जीव गेल्यावरही पासवर्ड मागणारा इतका निष्ठावंत कर्मचारी आमच्या बँकेत दुसरा झाला नाही. हा डाग पडू नये म्हणून पडद्यावर सतत काहीतरी हलतं ठेवायचं, एवढाच मूळ हेतू. १९८९ साली मॅकिंटॉशसाठी 'आफ्टर डार्क' नावाचा संच निघाला, त्यात पंख फुटलेले पाव भाजायचे टोस्टर आकाशातून उडत जात. पुढे विंडोजमध्ये नळांचे पाइप आपोआप एकमेकांना जोडले जाऊ लागले. सोलापूरच्या माणसानं ते पाइप मोठ्या आशेनं पाहिले. इतके नळ, आणि पाणी चार-पाच दिवसांआड! म्हणजे पाहिलेलं अगदीच अनोळखी नव्हतं.

ही झाली नुसती करमणूक. पुढे काही हुशार लोकांच्या मनात आलं, की माणूस उठून गेल्यावर संगणक टोस्टर उडवत बसतो, त्यापेक्षा त्याच्याकडून काही हिशेब का करून घेऊ नयेत? एखादं अवाढव्य गणित घ्यायचं, त्याचे लाखो तुकडे करायचे, ते जगभरच्या लोकांच्या घरी इंटरनेटवरून पाठवायचे, आणि त्यांचे संगणक रिकामे असतील तेव्हा सोडवून घ्यायचे. मजुरी काही नाही. ज्याची त्याची हौस.

सोलापूरकराला ही योजना समजावायला इंजिनिअर लागत नाही. आमच्या पूर्व भागात विड्या वळण्याचं काम कित्येक वर्षं असंच चालत आलं आहे. बायका कारखान्यातून तेंदूची पानं, तंबाखू आणि दोरा मोजून घरी नेतात. घरकाम आटोपलं, की उंबऱ्यात सूप घेऊन बसतात, आणि वळलेल्या विड्या पुन्हा मोजून कारखान्यात देतात. तिथं तपासणारा बसलेला असतो. तो खराब विड्या बाजूला काढतो, उरलेल्यांचा आकडा कार्डावर चढवतो. या संगणकी उद्योगातही थेट हाच रिवाज आहे. कच्चा माल घरपोच, पक्का माल परत, आणि मध्ये तपासणी. पुष्कळ ठिकाणी एकच तुकडा दोन अनोळखी माणसांना देतात, आणि दोघांची उत्तरं जुळली तरच जमा धरतात. आम्ही बँकवाले याला मेकर-चेकर म्हणतो. फरक इतकाच, की विडीला मजुरी आहे, थोडी का होईना. इथं वीजसुद्धा पदरची.

आमच्या शेजारी एक मावशी विड्या वळायच्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. पण कारखान्यातून परत आल्यावर त्या ते कार्ड उजेडात धरून दोनदा पाहायच्या, आणि मग मला हाक मारून म्हणायच्या, "बाळा, बघ की रे, हजार लिवलंय का कमी लिवलंय?" कारखान्याच्या भिंतीवर कुणी नाचता मोर काढला असता, तर त्यांनी तो कौतुकानं पाहिला असता. पण मोर पाहून त्या घरी गेल्या नसत्या. आकडा चढलेला पाहूनच गेल्या असत्या.

या कलाप्रकाराच्या समीक्षेचा पाया मी त्या कार्डावरच घालतो. सौंदर्यशास्त्राचे मोठमोठे ग्रंथ आहेत, पण मला तीन कसोट्या पुरतात. पडद्यावर दिसतं ते चाललेल्या कामाचंच आहे का? त्यात माझा वाटा मला दिसतो का? आणि दाखवण्याच्या नादात मूळ कामाचा खोळंबा तर होत नाही ना?

पहिला मान 'सेटी अ‍ॅट होम'चा. १७ मे १९९९ रोजी अमेरिकेतल्या बर्कलीच्या विद्यापीठानं हा प्रयोग सुरू केला. पोर्तो रिकोतल्या अरेसिबोच्या प्रचंड रेडिओ दुर्बिणीनं आकाशातून गोळा केलेला गोंगाट, त्याचे १०७ सेकंदांचे तुकडे लोकांना वाटायचे, आणि त्या गोंगाटात परग्रहावरच्या कुणी घातलेली शीळ ऐकू येते का, ते गणितानं तपासायचं. एकूण पन्नास लाखांहून अधिक लोकांनी आपले संगणक यासाठी दिले. परग्रहावरून निरोप यायची वाट पाहणं ही कल्पना मध्यमवर्गीय माणसाला भावण्यासारखीच आहे. आपण तरी आयुष्यभर दुसरं काय करतो?

त्या सुमारास मी कॉलेजात होतो आणि नव्या पेठेजवळच्या एका सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून बसत होतो. तिथल्या एका संगणकावर कुणा हौशी विद्यार्थ्यानं हे नाटक चढवून ठेवलं होतं. पडद्यावर खाली रंगीबेरंगी सुळक्यांची रांग उभी राहायची, तांबडी, पिवळी, हिरवी, निळी, आणि वर इंग्रजीत दाट आकडेमोड. कॅफेचे मालक गिऱ्हाइकांना बजावून सांगायचे, "त्या मशीनवर बसू नका बे, व्हायरस शिरलाय." तरी गर्दी त्याच मशीनपुढे. गड्ड्याच्या यात्रेत शोभेचं दारूकाम पाहायला माणसं माना वर करून उभी राहतात, तशी माणसं माना वाकवून उभी.

समीक्षक म्हणून पाहता हे सुळके खोटे नव्हते. कुठल्या कंपनसंख्येवर, कुठल्या क्षणी, किती जोर, याचा तो आलेख होता. वरच्या कोपऱ्यात आकाशातली नेमकी जागा आणि नोंद केल्याची तारीखही असे. पहिल्या कसोटीला पूर्ण गुण. त्याहून मोलाचा दुसरा कोपरा. तिथं संगणकाच्या मालकाचं नाव, त्यानं पुरे केलेले तुकडे, आणि एकूण किती तास दिले, हे लिहिलेलं असायचं. हे मावशींचं कार्ड! सगळं जग सुळक्यांवर भाळलं, पण त्या पडद्यावरचं खरं काव्य या कोपऱ्यात होतं.

तिसऱ्या कसोटीला मात्र दारूकाम नापास. ते सुळके रंगवायला संगणकाला मेहनत पडायची, आणि ती मेहनत मूळ गणितातून वजा व्हायची. जाणते लोक हे नाटक बंद करून पडदा काळा ठेवायचे, किंवा चित्राशिवायची आवृत्ती चालवायचे. त्यांचं गणित झटझट पुरं व्हायचं. वरातीत बँडवाल्यांचा मान राखण्यापायी नवरदेवाचा मुहूर्त टळावा, तशातला हा प्रकार. ३१ मार्च २०२० ला, बरोबर आमच्या आर्थिक वर्षाच्या शेवटच्या दिवशी, नव्या तुकड्यांचं वाटप बंद झालं. त्याच वर्षी डिसेंबरात अरेसिबोची दुर्बीणही कोसळली. शीळ काही ऐकू आली नाही. पण एकवीस वर्षांचं खातं बर्कलीच्या लोकांनी रीतसर बंद केलं, ही गोष्ट मला परग्रहावरच्या माणसापेक्षा कमी नवलाची वाटत नाही.

दुसरं नाटक 'आइन्स्टाइन अ‍ॅट होम'. हे १९ फेब्रुवारी २००५ ला सुरू झालं. यात गुरुत्वीय लहरी पकडणाऱ्या यंत्रांच्या नोंदी, आणि पुढे दुर्बिणींच्याही नोंदी, लोकांच्या संगणकांवर चाळतात. पडद्यावर एक आकाशाचा गोल सावकाश फिरत राहतो. त्यावर नक्षत्रांच्या रेघा, ताऱ्यांचे ठिपके, काटकोनी आकाराची ती यंत्रं, आणि सध्या ज्या जागेचा तपास चालू आहे तिथं फुलीसारखी खूण. या विषयाशी मराठी मुलखाचं नातं जुनं आहे. गोंगाटातून अशा लहरी कशा वेचायच्या, याचं गणित पुण्याच्या आयुकामध्ये संजीव धुरंधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकापासून मांडलं. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ असं यंत्र उभारायला केंद्र सरकारनं एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले. ते चालू झालं, की त्या फिरत्या गोलावर औंढ्याचाही एक काटकोन बसायला हवा. नागनाथाच्या शेजारी आइन्स्टाइन, दोघांनाही संकोच वाटू नये.

हे नाटक चिरंजीवांनी घरच्या लॅपटॉपवर चढवलं, तेव्हा पहिली समीक्षा आमच्या हिनं केली.

"अहो, हा पृथ्वीचा गोल का?"

"नाही. आकाशाचा."

"आणि आपण बाहेरून बघतोय?"

"हो."

"आकाशाच्या बाहेर खुर्ची टाकून कोण बसलंय?"

मी पुष्कळ परीक्षणं वाचली आहेत, पण दृष्टिकोनाचा प्रश्न इतक्या नेमकेपणानं विचारलेला पाहिला नाही. आकाश आपण आतून पाहतो. ते बाहेरून दाखवलं, की देखणं होतं खरं, पण पाहणारा माणूस त्यातून वजा होतो. तरीही या नाटकाला मी बरे गुण देतो. फुलीची खूण खऱ्या तपासाच्या जागीच असते, कोपऱ्यात तुमचं नाव आणि जमा झालेले गुण असतात. आणि इथं नुसती शोभा नव्हती, फळही आलं. ऑगस्ट २०१० मध्ये या मंडळींनी एक नवा स्पंदक तारा सापडल्याचं जाहीर केलं, तेव्हा तो ज्यांच्या संगणकांवर सापडला त्या अमेरिकेतल्या आयोवामधल्या एका जोडप्याचं आणि जर्मनीतल्या एका गृहस्थांचं नाव जगापुढे आलं. तुकडा कुणी वळला, हे कारखान्यानं सांगितलं. कार्डावर चढलेला आकडा असा असतो.

तिसरं उदाहरण या कलेच्या इतिहासात अमर व्हावं असं आहे. 'रोझेटा अ‍ॅट होम' हा २००५ पासूनचा उपक्रम. प्रथिनांची साखळी कशी घडी घालते, ते यात संगणक चाचपडत शोधतो, आणि ती चाचपड पडद्यावर दिसते. एक वेटोळं इकडे वळतं, तिकडे वळतं, जमलं तर ठेवतं, नाही तर सोडतं. घरोघरचे लोक हे पाहत बसले, आणि त्यांनी शास्त्रज्ञांना कळवायला सुरुवात केली, की तुमचं यंत्र उगीच भलतीकडे वळतंय, ते टोक अलीकडे घेतलं तर बसेल! नाटक बघता बघता प्रेक्षक रंगमंचावर चढला. शास्त्रज्ञही थोर मनाचे. त्यांनी प्रेक्षकाला खाली ढकललं नाही, उलट २००८ मध्ये 'फोल्डइट' नावाचा खेळ काढून त्याच्या हातात वेटोळी दिली. २०११ मध्ये या खेळाडूंनी माकडांतल्या एका विषाणूच्या विकराची रचना उलगडायला मदत केली. ती अनेक वर्षं अडून बसली होती. हे सगळं घडलं ते काम जसं चाललं आहे तसंच, चुकतमाकत दाखवलं म्हणून. यंत्राची घालमेल लपवून तिथं टोस्टर उडवले असते, तर माणसाला सांगण्यासारखं काही दिसलंच नसतं.

इथवर ठीक आहे. तारे, वेटोळी, सुळके यांना मुळात रूप आहे, त्यामुळे नेपथ्य जमतं. खरी पंचाईत होते ती शुद्ध गणिताची. आकड्याला चेहरा नसतो.

१९९६ मध्ये जॉर्ज वोल्टमन यांनी 'गिम्प्स' ही चळवळ सुरू केली. काम एकच, अतिप्रचंड मूळ संख्या शोधणं. मूळ संख्या म्हणजे जिला एक आणि ती स्वतः यांशिवाय दुसऱ्या कुणानं भाग जात नाही. वारसांच्या भांडणात अशी मालमत्ता असती तर वकील उपाशी मेले असते. दोनाला दोनानं पुष्कळदा गुणायचं, त्यातून एक वजा करायचा, आणि उरलेली संख्या मूळ आहे का ते तपासायचं. या कामाच्या प्रोग्रॅमचं नाव 'प्राइम ९५'. त्याचं नेपथ्य म्हणजे एक पांढरी खिडकी, आणि तिच्यात एकाखाली एक ओळी. एवढे फेरे झाले, एवढे टक्के झाले, एका फेऱ्याला इतके मिलिसेकंद, उरलेल्याला इतके दिवस. खिडकी मिटली, की घड्याळाशेजारी एक इवलंसं चिन्ह. तेही नको असेल तर ते लपवायची सोय आहे! स्वतःचं नाटक पूर्ण अदृश्य करण्याचा पर्याय देणारा नाटककार मराठी रंगभूमीला अजून लाभायचा आहे.

चिरंजीवांना ही खिडकी रुक्ष वाटली. मी मात्र खुर्ची पुढे ओढून बसलो. अहो, हे तर लेजर! तारीखवार नोंद, शेवटी शिल्लक, शोभेला जागा नाही. आणि यातल्या जुन्या लुकास-लेहमर कसोटीची रीत ऐकली, तेव्हा तर मला गणितज्ञांबद्दल भाऊबंदकी वाटू लागली. चारापासून सुरुवात करायची. आलेल्या संख्येचा वर्ग करायचा, दोन वजा करायचे, तपासायच्या संख्येनं भागून बाकी तेवढी ठेवायची. ३१ तपासून पाहा. चाराचा वर्ग सोळा, वजा दोन, चौदा. चौदाचा वर्ग १९६, वजा दोन, १९४, एकतीसनं भागून बाकी आठ. आठाचा वर्ग ६४, वजा दोन, ६२, आणि भागून बाकी शून्य. बाकी शून्य आली, म्हणजे संख्या मूळ! आम्हीही संध्याकाळी दुसरं काय करतो? डिफरन्स शून्य आला, की दिवस सार्थकी लागला. त्या शून्यासाठी कुणी टाळ्या वाजवत नाही, पण शून्य आल्याशिवाय कुणी घरीही जात नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये या चळवळीला सापडलेली संख्या दोनाच्या १३,६२,७९,८४१ व्या घातातून एक वजा करून येते. तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. एका पानावर तीन हजार अंक छापले, तर साडेतेरा हजारांहून जास्त पानं. हिचं चित्र काढायचं तर कसं? सोलापूरच्या माणसाला चादरीशिवाय काही सुचत नाही. आमच्या जकार्ड मागावर भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं फिरतात. भोक असेल तिथं उभा धागा उचलला जातो, नसेल तिथं खाली राहतो, आणि त्यातून फुलं उमटतात. संगणकाची एक-शून्याची लिपी हीच. पण या संख्येचं वैशिष्ट्य असं, की त्या लिपीत ती लिहिली तर नुसते एकावर एक, तेरा कोटींहून जास्त, मध्ये शून्य नावालाही नाही. म्हणजे सगळीच भोकं पाडलेलं कार्ड. सगळेच उभे धागे वर, धोटा खालून मोकळाच निघून जाणार, आणि चादर विणलीच जाणार नाही. ज्या संख्येची चादर होत नाही, तिचं चित्र सोलापुरात तरी होणं नाही.

आकड्याचं नाटक होऊच शकत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर यांना एकांच्या रांगेतही देखावा दिसला. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, जसा देवळाचा घाट चढावा आणि उतरावा. या घराण्याच्या संख्यांना त्यांनी डोंबिवली स्टेशनच्या जुन्या नावावरून 'डेम्लो' म्हटलं. त्यांचा ६१७४ तर जगप्रसिद्ध आहे. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नसले म्हणजे झालं. अंक उतरत्या क्रमानं लावा, चढत्या क्रमानं लावा, वजाबाकी करा, आणि हेच पुन्हा करत राहा. २०२४ घेतलं तर ३९९६, ६२६४, ४१७६, आणि आला ६१७४. सात पायऱ्यांच्या आत गाडी तिथं येऊन थांबतेच. हे नाटक बिलाच्या पाठीवर होतं, वीज लागत नाही, आणि प्रेक्षक उठून जात नाही, कारण वजाबाकी त्यालाच करायची असते. कापरेकरांच्या गणिताला प्रेक्षागृहच नव्हतं. सगळे नटच.

तर मग प्राइम ९५ ची ती कोरडी खिडकी आदर्श मानायची का? माझं मन तिकडे झुकत असतानाच एक जुनी हकीकत आडवी येते. १७ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या सेंट्रल मिसुरी विद्यापीठातल्या एका संगणकाला त्या काळची सर्वांत मोठी मूळ संख्या सापडली, दोन कोटी तेवीस लाख अंकांची. संगणकानं आपलं उत्तर रीतसर धाडलं. पण माणसांना खबर देणारा जो ई-मेल आपोआप जायचा, तो गेलाच नाही. संख्या दप्तरात पडून राहिली. ७ जानेवारी २०१६ ला नेहमीची देखभाल करताना कुणाच्या तरी नजरेला ती पडली. एकशे बारा दिवस जगातली सर्वांत मोठी मूळ संख्या सस्पेन्स खात्यात! आणि या चळवळीचा रिवाज असा, की शोधाची तारीख म्हणजे माणसानं नोंद घेतली तो दिवस. म्हणून इतिहासात ७ जानेवारी २०१६ च लिहिलं गेलं. सप्टेंबरातलं यंत्राचं उत्तर बरोबर होतं, पण वाचलेलं नव्हतं.

गणितज्ञांचा हा नियम मला फार आवडला. नोंद करणाऱ्याइतकंच नोंद वाचणाऱ्यालाही त्यात स्थान आहे. सेटीनं दाखवण्यात काम खर्ची घातलं, गिम्प्सनं कामात दाखवणं इतकं आटवलं, की सर्वांत मोठी बातमीच कुणाला दिसली नाही. आणि २०२४ ची संख्या तर डेटा सेंटरमधल्या भाड्याच्या यंत्रांवर सापडली. आधी आयर्लंडमधल्या यंत्रानं संशय घेतला, मग टेक्ससमधल्या यंत्रानं खात्री केली. ती यंत्रं चालवणारे ल्यूक ड्युरंट यांची चिकाटी मोठीच. पण घरगुती संगणकांवरच अशा संख्या सापडण्याची अठ्ठावीस वर्षांची परंपरा तिथं संपली. त्या यंत्रांना पडदा जोडलेलाच नसतो. या कलाप्रकाराचा शेवट असा होईल, हे उडत्या टोस्टरांना स्वप्नातही वाटलं नसेल.

म्हणून निकाल देताना मी पासबुकाला प्रथम क्रमांक देतो. पासबुकात देखावा नसतो, पण ते खातेदाराच्या हातात असतं. आमच्या काउंटरवर एक आजोबा दर महिन्याला पेन्शनची नोंद छापून घ्यायला येतात. रक्कम ठाऊक असते, मोबाइलवर निरोपही येतो. तरी ती ओळ छापून झाली, की तिच्यावरून बोट फिरवून मगच पिशवीत ठेवतात. घरचा संगणक परक्या गणिताला देणाऱ्या माणसाचीही मागणी याहून मोठी नाही. त्याच्या वाट्याला बहुधा 'मूळ नाही' असंच उत्तर येतं. हजारोंना हेच उत्तर येतं, आणि एखाद्यालाच दुसरं. पण ते हजारो 'नाही' कुणीतरी तपासले म्हणूनच त्या एका 'हो'ला किंमत आहे. ही गोष्ट पडद्यानं त्याला एका ओळीत, त्याला कळेल अशा भाषेत सांगावी, आणि मग खुशाल काळं व्हावं.

आमच्या घरी या विषयावर अंतिम चर्चा विजेच्या बिलाच्या दिवशी झाली. "बिल आपल्याला आणि संख्या कुणाला?" असा हिचा मुद्देसूद प्रश्न होता. संगणक कामाला लागला, की वीज जास्त ओढतो आणि तापतो. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये घरात आणखी एक तापणारी वस्तू ठेवणं हा विज्ञानाचा प्रसार नव्हे. तेव्हा तडजोड अशी ठरली, की लॅपटॉपनं फक्त डिसेंबर आणि जानेवारीत रात्री गणित करावं.

जानेवारीत, गड्ड्याची गर्दी ओसरल्यावर, आमच्या वाट्याची एक संख्या पुरी झाली. खिडकीत शेवटची ओळ उमटली. संख्या मूळ नव्हती. मी ते हिला सांगितलं. तिनं भाकरीचं पीठ लागलेले हात पुसले, हिशेबाची वही काढली, आणि विजेच्या बिलाच्या रकमेखाली लिहिलं: "एक मोठी संख्या तपासली. मूळ नाही." मग पुढे तारीख घातली, आणि माझ्यापुढे वही सरकवून म्हणाली, "सही करा."